नागपुरात राहून अलिबागकडे घर घ्यायचंय? आधी जुलै पाहा, मग सातबारा, आणि शेवटी समुद्र

समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ ला भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत पूर्ण खुला झाला आणि माझ्या ओळखीच्या बऱ्याच घरांत एकच विषय निघू लागला: समुद्राकाठी एखादं घर, निदान एखादा तुकडा. मुलगा-सून मुंबईला, आपण प्रतापनगर किंवा मनीषनगरात, मग मधे भेटायला अलिबाग. कल्पना चांगली आहे. पण नागपुरात प्लॉट घेताना आपण ज्या चार गोष्टी विचारतो, त्यातल्या तीन तिकडे कामाच्या नाहीत. इथे आपला पहिला प्रश्न असतो, "आरएल झालंय का?" म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासचं रिलीज लेटर मिळालंय का. अलिबागच्या रायगड जिल्ह्यात नागपूर सुधार प्रन्यास नाही आणि आरएलही नाही. तिथे विचारायचे प्रश्न निराळे आहेत. ते नीट कळावेत आणि आयुष्यभराची बचत एखाद्या गुंत्यात अडकू नये, एवढ्यासाठी हा सविस्तर लेख.

पहिलं काम: वर्षातले दिवस मोजा

कागदपत्रांच्या आधी घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून ठरवा की तिथे कोण, कधी आणि किती दिवस जाणार. नागपूर ते आमणे हा रस्ता ७०१ किलोमीटरचा. त्यापुढे पनवेल, पेण, वडखळ करत अलिबाग म्हणजे अजून शंभर किलोमीटरहून जास्त, आणि हा शेवटचा टप्पाच वेळ खातो. शुक्रवारी संध्याकाळी वडखळच्या पुढे अख्खी मुंबई रस्त्यावर असते. सलग चालवत नेण्याचा हट्ट धरू नका; समृद्धीवर सरळ रस्त्याने झापड येते. रात्रीचा मुक्काम शिर्डी-नाशिककडे धरूनच हिशेब करा.

रेल्वेने विदर्भ एक्सप्रेस किंवा दुरांतोने मुंबई गाठता येते, पण अलिबागला प्रवासी रेल्वे नाही. पुढे रस्ता किंवा बोट. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडीसकट नेणारी रो-रो २०२० पासून चालते, साधारण तासाभराचा प्रवास. गेटवेवरून सुटणाऱ्या प्रवासी लाँच मात्र पावसाळ्यात बंद असतात. रो-रो पावसाळ्यातही चालते, पण समुद्र खवळला की तिच्याही फेऱ्या रद्द होतात. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं. विमानाने येणाऱ्यांना हा विमानतळ मुंबईच्या जुन्या विमानतळापेक्षा अलिबागला कितीतरी जवळचा आहे, आणि जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या अटल सेतूमुळे मुंबईतल्या मुलांचाही वेळ वाचतो.

एवढं सगळं धरून तुमचे दिवस वर्षाला पंधरा-वीसच भरत असतील तर मी स्पष्ट सांगतो, घर घेऊ नका. दरवर्षी चांगलं घर भाड्याने घ्या. महिना-दोन महिने सलग राहणार असाल, किंवा मुंबईतली मुलं ते घर नियमित वापरणार असतील, तरच पुढे वाचा.

जुलैत जा, आणि एकदा मे महिन्यात

जमीन दाखवणारे एजंट तुम्हाला डिसेंबरात बोलावतील. तेव्हा हवा गोड असते, विहिरीला पाणी असतं, समुद्र शांत असतो. तुम्ही जुलैत जा. त्या गावात आठवडाभर खोली घ्या. नागपूरला वर्षाला साधारण ११०० मिलिमीटर पाऊस पडतो. तिकडे त्याच्या जवळपास दुप्पट, तोही बहुतेक चार महिन्यांत. पसंत केलेल्या जागेत पाणी साचतं का, शेजारच्या वाडीतून वाहून येतं का, रस्त्यावरून गाडी दारापर्यंत जाते का, वीज किती वेळ जाते, हे सगळं एका ओल्या आठवड्यात दिसतं. गावातल्या माणसांना ३ जून २०२० बद्दल विचारा. त्या दिवशी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकलं. कुठल्या आळीतली छपरं उडाली, पाणी कुठपर्यंत आलं, वीज किती दिवसांनी परतली, हे लोक बोटाने दाखवतात. असली माहिती कुठल्याही माहितीपत्रकात छापत नाहीत.

मे महिन्यातली फेरी पाण्यासाठी. किनाऱ्याजवळच्या विहिरी आणि बोअर उन्हाळ्याच्या शेवटी मचूळ होतात, कारण उपसा वाढला की खारं पाणी आत सरकतं. त्या विहिरीचं पाणी चाखा, बाटलीत भरून तपासायला द्या. ग्रामपंचायतीचा नळ दिवसाआड येतो की रोज, हेही शेजारच्या बाईंनाच विचारा, विक्रेत्याला नाही.

मे महिन्यात आणखी एक गोष्ट अंगाला कळेल. आपल्याकडे पारा पंचेचाळीसवर गेला तरी कूलरला नव्या ताट्या लावल्या की खोली गार होते, कारण हवा कोरडी असते. किनाऱ्यावर पारा पस्तिशीच्या आसपास असतो, पण दमट हवेत कूलर निव्वळ ओल वाढवतो. पंखा आणि वारा येणारी खिडकी, नाहीतर एसी, एवढेच उपाय. दम्याचा त्रास असलेल्या किंवा गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांना ही हवा मानवते का, हे राहूनच कळेल.

कुठला पट्टा

मांडवा, सासवणे, आवास, किहीम हा उत्तरेचा पट्टा. जेट्टी जवळ, मोठे बंगले, भाव सर्वांत चढे, शेजार बहुतांशी शनिवार-रविवारचा. ज्यांची मुलं दक्षिण मुंबईत आहेत त्यांना तो सोयीचा. नागपूरहून येऊन महिनाभर राहणाऱ्या जोडप्याला मधल्या वारी तिथे एकटं वाटेल.

अलिबाग शहर, चेंढरे, वरसोली इथे बाजार, बँका, जिल्हा रुग्णालय, कोर्ट, सगळं हाताशी. साठी ओलांडलेल्यांसाठी माझं मत इथल्या फ्लॅटच्या बाजूने आहे. त्यात स्वप्न कमी आणि सोय जास्त, पण रात्री दोन वाजता छातीत दुखलं तर डॉक्टर किती मिनिटांवर आहे, हा विचार समुद्राच्या आधी यायला हवा.

आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा हा दक्षिणेचा पट्टा म्हणजे नारळ-पोफळीच्या वाड्या, जुनी देवळं, तळी, सावलीतल्या पाखाड्या. राहायला सर्वांत सुंदर, आणि कागदांत सर्वांत गुंतागुंतीचा. एकेका वाडीचे मालक पिढ्यांमागून वाटले गेलेत आणि निम्मे मुंबईत आहेत.

काय घेताय, यावर सगळं ठरतं

रस्त्यावरच्या फलकावर "प्लॉट" लिहिलेलं असलं तरी त्यामागे चार वेगळ्या वस्तू असू शकतात: इमारतीतला फ्लॅट, मंजूर रेखांकनातला (लेआउटमधला) बिनशेती प्लॉट, शेतजमीन, किंवा गावठाणातलं जुनं घर.

फ्लॅट किंवा रेखांकनातला प्लॉट असेल तर महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाचा, नोंदणी क्रमांक मागा आणि संकेतस्थळावर स्वतः उघडून बघा. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी किंवा सदनिका आठपेक्षा जास्त असतील तर नोंदणी लागतेच, प्लॉटच्या प्रकल्पालाही. एजंटचीही नोंदणी असावी लागते. नोंदणीकृत करार केल्याशिवाय विकासक किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. "आजच बुक केलं तर सूट" या घाईत हीच अट मोडली जाते.

शेतजमिनीचं गणित निराळं आहे, आणि इथे विदर्भातल्या माणसाकडे एक ताकद असते जिची त्याला कल्पना नसते. कोकणात १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन परवानगीशिवाय घेता येत नाही. घेतलीच तर तहसीलदार तो व्यवहार अवैध ठरवू शकतो. तुमच्या नावे काटोल, सावनेर, उमरेड, नरखेड, कुठेही सातबारा असेल तर तुम्ही शेतकरी आहात आणि रायगडात जमीन घेऊ शकता. अडचण अशी की आपल्याकडे कितीतरी घरांत सातबारा अजून आजोबांच्याच नावे असतो. म्हणून अलिबागच्या जमिनीचं पहिलं काम आपल्या गावच्या तलाठ्याकडे होतं: वारस नोंद करून घ्या, फेरफार (हक्कबदलाची नोंद) मंजूर होऊ द्या, मग तहसीलदाराकडून शेतकरी असल्याचा दाखला काढा. याला वेळ लागतो. बयाणा देऊन झाल्यावर हे धावपळीने करू नका.

क्षेत्राचंही भान ठेवा. तिकडे सगळं गुंठ्यात बोलतात. एक गुंठा १०८९ चौरस फूट, चाळीस गुंठ्यांचा एकर. शेताचे फार लहान तुकडे पाडायला मनाई करणाऱ्या तुकडेबंदी कायद्यानुसार २०२३ च्या अधिसूचनेत प्रमाणभूत (किमान) क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे ठरलं. त्यामुळे शेतजमिनीतून तोडून "दोन गुंठे स्वस्तात" देणारा माणूस भेटला तर सावध व्हा. बहुतेक वेळा तो तुम्हाला सातबाऱ्यावर सामाईक नाव लावून देतो आणि हद्द कुंपणाने दाखवतो. असली जागा पुढे विकताना, बांधकामाला परवानगी मागताना आणि बँकेत कर्ज मागताना, तिन्ही ठिकाणी अडते. अलीकडे रहिवासी क्षेत्रापुरत्या काही सवलती आल्या आहेत. तुमच्या जमिनीचा गट त्यात बसतो की नाही, हे वकिलाने लेखी सांगावं.

कागद: इथे घाई नको

सातबारा आणि आठ-अ (खातेदाराच्या सगळ्या जमिनींचा उतारा) ऑनलाइन मिळतात, पण नुसता आजचा सातबारा पुरेसा नाही. जुने हस्तलिखित सातबारे आणि सगळे फेरफार तहसील कार्यालयातून काढा. कोकणात पुढच्या गोष्टी खास बघाव्या लागतात.

सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात कुळाचं नाव आहे का? असेल तर विकणारा मालक असूनही जमीन मोकळी नाही. कुळानेच पुढे जमीन विकत घेतली असेल तर कूळकायद्याखालचं ३२म चं खरेदी प्रमाणपत्र आहे का आणि परवानगीशिवाय पुढे विकायला मनाई करणाऱ्या कलम ४३ च्या बंधनाचं काय झालं, ते पाहा. जमीन भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे हस्तांतरणावर बंधन असलेली, असेल तर शासनाची परवानगी लागते. अलिबाग तालुक्यात ठाकर आणि कातकरी समाजाच्या जमिनी आहेत. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला परवानगीशिवाय घेता येत नाही, आणि घेऊही नये. देवस्थानाची नोंद असेल तर तिथेच थांबा. डोंगराकडच्या जमिनींवर १९७५ च्या खाजगी वने कायद्याची नोंद असू शकते; सातबाऱ्यावर नसली तरी वनविभागाकडून खात्री करा.

मग हिस्सेदार. सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावं असणं तिकडे नवल नाही. त्यातल्या चौघांनी सही केली म्हणून व्यवहार पूर्ण होत नाही. विशेषतः लग्न होऊन गेलेल्या बहिणींची नावं बघा. "त्यांनी हक्क सोडलाय" असं तोंडी सांगतात. नोंदणीकृत हक्कसोडपत्र दाखवा म्हणा. कुलमुखत्यारपत्रावर कोणी सही करणार असेल तर ते नोंदवलेलं आहे का आणि देणारी व्यक्ती हयात आहे का, ते पाहा. त्या बहिणीला तिचा वाटा मिळालेला असणं, हे तुमच्या सुरक्षिततेइतकंच न्यायाचंही आहे.

गावठाणातल्या जुन्या घरासाठी विक्रेता ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा पुढे करतो. ती घरपट्टीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नाही. मिळकत पत्रिका, म्हणजे आपण जिला आखीव पत्रिका म्हणतो ती, किंवा जुनं खरेदीखत मागा. घर मात्र किती जुनं आहे ते सांगायला तोच असेसमेंट उतारा उपयोगी पडतो, आणि हे किनारा नियमांसाठी फार महत्त्वाचं आहे.

वकील अलिबागचाच घ्या, विक्रेत्याने सुचवलेला नको. तीस वर्षांच्या मालकीचा शोध अहवाल घ्या आणि स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. नागपूरच्या पेपरात दिलेली नोटीस चौलमधल्या हिस्सेदाराला दिसणार नाही.

समुद्र जितका जवळ, तितके नियम कडक

किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे सीआरझेडची, सध्याची अधिसूचना १८ जानेवारी २०१९ ची. समुद्राच्या उच्चतम भरती रेषेपासून जमिनीकडे ५०० मीटर हा पट्टा तिच्या कक्षेत येतो. खाडीच्या बाबतीत ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांपैकी जे कमी असेल ते. या पट्ट्यात काय करता येतं, ते त्या जागेच्या वर्गावर ठरतं.

ग्रामीण भागात, जिथे २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्येची घनता दर चौरस किलोमीटरला २१६१ हून कमी आहे, तिथे भरती रेषेपासून २०० मीटर ना-विकास क्षेत्र. घनता त्याहून जास्त असेल तर हा पट्टा ५० मीटरचा. शहरी विकसित भागात आधीपासूनच्या अधिकृत रस्त्याच्या किंवा बांधकामाच्या जमिनीकडच्या बाजूलाच बांधता येतं. कांदळवन, वाळूच्या टेकड्या, कासवांची अंडी घालण्याची ठिकाणं ही सर्वांत संरक्षित. कांदळवनाचा पट्टा १००० चौरस मीटरहून मोठा असेल तर त्याच्याभोवती आणखी ५० मीटर सोडावे लागतात. ना-विकास क्षेत्रातल्या जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती करता येते, पण त्याचा आकार वाढवता येत नाही. "जुनं घर घ्या आणि पाडून बंगला बांधा" हा सल्ला म्हणूनच धोक्याचा.

तोंडी अंतरावर विश्वास ठेवू नका. वाळू संपते ती भरती रेषा नव्हे. गट क्रमांक मंजूर किनारा व्यवस्थापन आराखड्यावर टाकून, अधिकृत संस्थेकडून मोठ्या मापाचा, बारकावे दाखवणारा नकाशा करून घ्यावा लागतो. खर्च येतो, पण समुद्र दिसणारी कुठलीही जमीन त्याशिवाय घेऊ नका. किहीमच्या किनाऱ्यावरचा एक प्रचंड अनधिकृत बंगला मार्च २०१९ मध्ये प्रशासनाने स्फोटकं लावून जमीनदोस्त केला. पैसा, ओळख, काही कामी आलं नाही. आणि हे नियम आपल्याला अडवण्यासाठी नाहीत. कांदळवन आणि वाळूची टेकडी वादळात गावाला वाचवतात; ती उरली तरच तुमचं घरही उरेल.

व्यवहार

कागद पटले की भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या. मोजणीच्या दिवशी स्वतः हजर राहा आणि लगतच्या खातेदारांना भेटा. जमिनीपर्यंतची वाट कोणाच्या गटातून जाते, ती नकाशावर आहे की नुसती वहिवाट, हे त्याच दिवशी लिहून घ्या. वाडीतली वाट अनेकदा शेजाऱ्याच्या सौजन्यावर चालते, आणि कुंपण पडलं की भांडण उभं राहतं.

बयाण्याचा करार नोंदणीकृत करा, रक्कम बँकेतूनच द्या. नोंदणी फी एक टक्का, कमाल ३०,००० रुपये. मुद्रांक शुल्काचा दर ग्रामपंचायत आणि नगरपालिका हद्दीत सारखा नसतो, तो दुय्यम निबंधकाकडे विचारा; निवासी मिळकत घरातल्या स्त्रीच्या नावे घेतली तर एक टक्का सवलत आहे. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर एक टक्का टीडीएस तुम्हीच कापून भरायचा असतो. ग्रामीण शेतजमिनीला तो नाही. शेतजमिनीवर गृहकर्ज मिळत नाही, हे धरूनच पैशांची जुळवाजुळव करा. खरेदीनंतर फेरफार होऊन सातबाऱ्यावर तुमचं नाव येईपर्यंत तो व्यवहार अर्धाच समजा.

बांधताना आणि राहताना

नागपूरचा ठेकेदार नेऊ नका, चांगला असला तरी. खारी हवा त्याच्या अनुभवात नसते. तिकडचा जांभा दगड, उतरतं कौलारू छप्पर, रुंद ओटी आणि पुढे आलेले पाखे, ही पद्धत पावसाने शिकवलेली आहे. आपल्याकडची सपाट गच्ची तिथे गळते. लोखंडी ग्रील दोन-तीन पावसाळ्यांत पापुद्रे सोडतं. त्याऐवजी पावडर कोटिंगचं अॅल्युमिनियम किंवा ३१६ प्रतीचं स्टेनलेस स्टील वापरा. एसीचं बाहेरचं यंत्र समुद्राच्या वाऱ्यासमोर बसवू नका. शौचालयाची टाकी विहिरीपासून जितकी दूर आणि उताराच्या खाली जाईल तितकी न्या, कारण तिथे भूजल फार वर असतं.

घर बंद राहिलं की बुरशी येते. गाद्या, पुस्तकं, कपडे, सगळ्यावर. म्हणून आठवड्यातून दोनदा दारं-खिडक्या उघडणारं माणूस हवं, आणि ते गावातलंच असावं. त्यांना वेळेवर आणि बारा महिने पगार द्या, फक्त तुम्ही असता तेव्हा नाही. त्यांच्या घरचं लग्न, आजारपण, नारळी पौर्णिमा, यात सहभागी व्हा. कोळी आणि आगरी वस्तीच्या गावात बंगलेवाला आणि गावकरी यांत दरी पडायला वेळ लागत नाही. ती पडू न देणं आपल्या हातात आहे: विहिरीचा उपसा गरजेपुरता ठेवा, मोठ्या आवाजात गाणी लावू नका, किनाऱ्याकडे जाणारी जुनी पायवाट कुंपणाने अडवू नका.

मासे आवडत असतील तर जून-जुलैत यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते, हे लक्षात ठेवून बेत करा. तेव्हा सुकी मासळी आणि खाडीचं जे मिळेल ते. अलिबागचा पांढरा कांदा उन्हाळ्यात माळा करून विकतात, त्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. गोडसर असतो, कच्चा खावा.

घर रिकामं असताना पर्यटकांना द्यायचं मनात असेल तर पर्यटन विभागाच्या निवास व न्याहारी योजनेत रीतसर नोंदणी करा, आणि भाड्याच्या उत्पन्नावर कर्जाचा हप्ता अवलंबून ठेवू नका. पावसाळ्यात मधल्या वारी खोल्या रिकाम्या असतात. मे अखेरीस, पावसाआधी, एक फेरी ठरलेलीच ठेवा: कौलं चाळून घेणं, पन्हळी साफ करणं, नारळाच्या सुकलेल्या झावळ्या उतरवणं, इन्व्हर्टरचं पाणी बघणं, आणि सगळ्या मूळ कागदांचा संच नागपूरच्याच लॉकरमध्ये ठेवून तिथे फक्त प्रती ठेवणं.